भयाचे आतडे, जंतूंचे आतडे : पुणतांब्याच्या निमित्ताने एका विकाराचा इतिहास

प्रास्ताविक

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबे हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. चांगदेवांची समाधी येथे आहे. आणि १ जून २०१७ रोजी सुरू होऊन राज्यभर पसरलेल्या शेतकरी संपाची ठिणगी येथील ग्रामसभेत पडली. त्या संपात दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस राज्य शासनाने सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. संपाच्या आर्थिक व राजकीय बाजूंची चर्चा पुष्कळ झाली. कर्ज माणसाच्या शरीरात कोठे जाऊन बसते, हा प्रश्न मात्र त्या चर्चेच्या कक्षेबाहेरचा होता. बोलीभाषेने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. नोटीस आली की पोटात धस्स होते, भीतीने पोटात गोळा उठतो, चिंतेने पोटात कालवाकालव होते, आणि दुःख अनावर झाले की आतडे पिळवटून निघते. मराठीत मायाही पोटातच असते.

प्रस्तुत निबंधाचा विषय या भाषिक अनुभवाशी निगडित असलेला एक विकार आहे. डॉक्टर त्यास 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' अथवा संक्षेपाने आयबीएस म्हणतात. पोटात वारंवार दुखणे, मलविसर्जनाशी त्या दुखण्याचा संबंध असणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध, पोट फुगणे ही त्याची लक्षणे होत. नेहमीच्या तपासण्यांत मात्र आतड्यात व्रण, गाठ वा सूज यांपैकी काहीच सापडत नाही. 'काही सापडत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा लावण्याची सवय वैद्यकास लागली, आणि रुग्णास 'हे तुमच्या मनाचे आहे' असे सांगून परत पाठविण्याचा प्रघात पडला. ही सवय निसर्गनियम नसून तिला इतिहास आहे. एका बाजूस भयाने बिघडणारे आतडे व दुसऱ्या बाजूस जंतूंनी बिघडणारे आतडे, अशी विभागणी शंभराहून अधिक वर्षे चालली. ती कशी पडली व कशी मोडली, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

ग्रहणीची परंपरा

आयबीएसची चर्चा आपल्याकडे निघाली की ग्रहणीचे नाव हटकून येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषावर स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान. अन्न पचेपर्यंत ते धरून ठेवणे हे तिचे कार्य. अग्नी मंद झाला की ती दुबळी होऊन अन्न कधी अपक्व तर कधी पक्व सोडते, मल कधी बांधलेला तर कधी पातळ होतो. या वर्णनाचे आजच्या लक्षणांशी असलेले साम्य नजरेत भरते. परंतु त्याहून लक्षणीय अशी तीन विधाने प्राचीन ग्रंथांत विखुरलेली आहेत. पहिले, चरकाच्या विमानस्थानात असे म्हटले आहे की हितकर अन्न योग्य प्रमाणात घेतले तरीही चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे ते पचत नाही. दुसरे, अतिसाराचे प्रकार सांगताना चरकाने भयज व शोकज असे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. तिसरे विधान सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील. अतिसार थांबल्यानंतरही ज्याचा अग्नी मंद राहिला आहे अशा माणसाने अपथ्य केले तर त्यास ग्रहणीविकार जडतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आजार जातो आणि मागे दुसरा आजार ठेवून जातो. उपचारांत ताकाचे माहात्म्य सर्वत्र गायिले आहे.

येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. आपल्या परिसंवादांतून 'हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊक होतेच' असे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की पुढील विचारच खुंटतो. ग्रहणी म्हणजे आयबीएस नव्हे. जुन्या वैद्यांच्या ग्रहणीत आज ज्यांना आपण आतड्याचा क्षय, स्प्रू, सिलिअक विकार अथवा जीर्ण आमांश म्हणू असे अनेक रुग्ण असणार. सूक्ष्मजीव व अंतःस्राव या संकल्पना त्या व्यवस्थेत नाहीत. ताकात काय आहे म्हणून ते गुणकारी ठरते, हा प्रश्न त्या स्वरूपात विचारला गेलेला नाही. मात्र निरीक्षण म्हणून ही तिन्ही विधाने खरी आहेत आणि ती एकाच परंपरेत शेजारी शेजारी नांदत होती, एवढे निश्चित म्हणता येईल. भय व पूर्वीचा अतिसार यांपैकी एकच कारण निवडण्याची सक्ती त्या वैद्यावर नव्हती. ती सक्ती पुढे आली.

मुंबईची प्रयोगशाळा आणि दह्याचा सिद्धान्त

एकोणिसाव्या शतकात गोदाकाठच्या गावांतून पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्णत्वास नेले आणि पोटाच्या आजाराकडे पाहण्याची दृष्टी पालटली. आता आजारामागे एक विवक्षित जंतू शोधावयाचा होता.

महाराष्ट्राचा या कथेतील सहभाग वाल्देमार हाफकिन यांच्याद्वारे येतो. ओडेसा येथे ते एली मेच्निकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली व १८९२ मध्ये ती स्वतःस टोचून घेतली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा सरकारने त्यांना पाचारण केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लसही प्रथम स्वतःवरच आजमावली. परळ येथील त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. हाफकिन यांचे सारे आयुष्य शत्रूजंतूंशी लढण्यात गेले. त्यांचे गुरू मात्र एव्हाना निराळ्या जंतूंच्या मागे लागले होते.

मेच्निकॉव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रक्तातील भक्षक पेशींच्या शोधाबद्दल. उतारवयात त्यांना ध्यास लागला तो दीर्घायुष्याचा. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू विष निर्माण करतात, त्यामुळे वार्धक्य येते, आणि आंबवलेल्या दुधातील जंतूंनी त्यांना आवर घालता येतो, असे त्यांनी प्रतिपादिले. बल्गेरियातील दह्यातून १९०५ मध्ये वेगळा करण्यात आलेला जंतू त्यांच्यामुळे जगप्रसिद्ध झाला. चौदाशे वर्षे जगलेल्या योग्याची समाधी मिरविणाऱ्या पुणतांब्यात दह्याने आयुष्य वाढविणाऱ्या या पंडितास निश्चितच आदराने ऐकून घेतले असते. ताकाची सोय तर घरोघरी होतीच.

सिद्धान्ताचा अतिरेक मात्र भयंकर ठरला. लंडनमधील शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी 'स्वविषबाधा' टाळण्यासाठी रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. काही वर्षांतच त्या कल्पनेची अप्रतिष्ठा झाली, आणि तिच्याबरोबर आतड्यातील निवासी जंतूंविषयीचे गंभीर कुतूहलही कित्येक दशके बाजूस पडले.

मांजर, उंदीर आणि वैद्यकाचा विद्यार्थी

दुसरी वाट शरीरक्रियाशास्त्राची होती. १८९७ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर कॅनन हा तरुण नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होता. मांजर बिथरले की जठराच्या लाटा थांबत. ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. या साध्या निरीक्षणातून भय व क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवरील त्याचा १९१५ चा ग्रंथ उभा राहिला. दरम्यान १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी ॲड्रिनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. लढा वा पळ काढा, असा आदेश देणारे हे द्रव्य रक्तातून सर्वत्र पोहोचते, हे कॅननने दाखविले. १९३६ साली हान्स सेली यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. उंदरांवर कोणताही आघात केला, मग तो थंडीचा असो, इजेचा असो वा विषाचा, तरी अधिवृक्क ग्रंथी फुगते, थायमस आक्रसते आणि जठर व लघ्वांत्राच्या आरंभी व्रण पडतात. आज ज्यास आपण 'ताण' म्हणतो ती संकल्पना या उंदरांपासून निघाली.

मानवी आतड्यावरील सर्वांत बोलका प्रयोग मात्र न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी यांनी १९४० च्या दशकात केला. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या गुदमार्गात नळी घालून मोठ्या आतड्याचे निरीक्षण चालू असता, त्यास कर्करोगाची गाठ दिसत असल्याचा खोटाच संवाद त्याच्यासमोर घडवून आणण्यात आला. आतडे तत्काळ आकुंचित झाले. सर्व लटके असल्याचे सांगताच ते सैल पडले. आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने असा प्रयोग संमत केला नसता. परंतु ऐतिहासिकदृष्ट्या त्याचा परिणाम दुहेरी झाला. भीतीने आतडे खरोखरच आवळते, हे डोळ्यांनी दिसले. आणि त्याचबरोबर हा विकार म्हणजे भावनांचा खेळ आहे हा ग्रहही दृढ झाला. त्याआधी १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रुग्णांचे नाते उन्मादाशी व आजाराच्या वृथा चिंतेशी जोडून ठेवलेच होते. पाठ्यपुस्तकातील विशेषणे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे अध्यापकांस सांगावयास नको.

या काळातील एक उलट उदाहरण उद्बोधक आहे. जठरव्रण हा ताणाचा आजार, असे सेली यांच्यानंतर सर्वमान्य झाले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल यांनी त्यामागे एक जंतू असल्याचे दाखविले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लंबक एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकास गेला. ताण की जंतू, असा प्रश्न विचारला की उत्तरही तसेच एकेरी मिळते.

आमांशानंतर उरलेले दुखणे

सुश्रुताच्या तिसऱ्या विधानाकडे पाश्चात्त्य वैद्यक वळले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या आमांशाच्या अनुभवावर आधारित जी. टी. स्ट्युअर्ट यांचा लेख १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू गेल्यानंतरही पोट पूर्ववत न होणाऱ्यांची त्यात नोंद होती. १९६२ मध्ये ऑक्सफर्ड येथे चौधरी व ट्रुलव्ह यांनी १३० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांचे दुखणे आमांश वा अतिसाराच्या आजारानंतर सुरू झालेले होते. तरीही पुढील तीस वर्षे हा धागा फारसा कोणी ओढला नाही.

तो ओढला गेला इंग्लंडमधील शेफील्ड येथे. ग्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र जठरांत्रदाहाने आजारी पडलेल्यांचा पाठपुरावा केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांचे दुखणे लांबले त्यांच्या आयुष्यात आजाराच्या आगेमागे अधिक आघातकारक घटना घडल्या होत्या आणि आरोग्याविषयी त्यांना अधिक चिंता होती. मात्र आतड्याच्या अस्तरातही त्यांच्या दाहाच्या खुणा रेंगाळलेल्या होत्या. प्रस्तुत लेखकाच्या मते या विकाराच्या इतिहासातील हा खरा वळणबिंदू होय. जंतू दार उघडतो आणि ताण ते बंद होऊ देत नाही, असे काहीसे चित्र येथे प्रथमच मोजमापासह समोर आले.

संप्रेरक आणि जंतू यांची भेट

हे घडते कसे? ताणाच्या प्रसंगी मेंदूतील अधश्चेतक सीआरएफ नावाचे द्रव्य सोडतो. वाइली व्हेल यांनी ते १९८१ मध्ये ओळखले. त्याच्या आज्ञेने पीयूषिका व अधिवृक्क ग्रंथी कामास लागतात व कॉर्टिसॉल स्रवते. हेच सीआरएफ जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याचे वाढविते. परीक्षेच्या वा कोर्टाच्या तारखेच्या सकाळी शौचास वारंवार का जावे लागते, याचा उलगडा यात आहे. १९९८ मध्ये जपानमधील फुकुदो यांनी हे द्रव्य टोचून पाहिले, तेव्हा आयबीएसच्या रुग्णांचे आतडे निरोगी माणसांपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद देते असे दिसले. ताण लांबला की आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैलावतात, तेथील मास्ट पेशी उत्तेजित होतात आणि जंतूंचे अंश आत झिरपतात.

येथवरची कथा मेंदूकडून आतड्याकडे जाणारी आहे. १९९२ मध्ये मार्क लाइट यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. नॉरॲड्रिनलिनसारखी ताणाची संप्रेरके प्रयोगशाळेतील पात्रात मिसळली असता ई. कोलायसारखे काही जंतू झपाट्याने वाढतात. या संप्रेरकांच्या साहाय्याने त्यांना यजमानाच्या प्रथिनांत बांधलेले लोह हिसकावून घेता येते, हे नंतर स्पष्ट झाले. पुढे व्हेनेसा स्पेरांदिओ यांनी घातक ई. कोलाय हा ॲड्रिनलिनचा संकेत ओळखतो, हेही दाखविले. म्हणजे माणसाची धास्ती जंतूला अक्षरशः कळते. तान्ह्या माकडांना आईपासून दूर केले असता त्यांच्या आतड्यातील लॅक्टोबॅसिलस जंतू काही दिवसांतच घटतात, असे बेली व को यांना १९९९ मध्ये आढळले होते. मेच्निकॉव्ह यांच्या दह्यातील जंतूचे हेच कुळ.

उलट दिशेचा पुरावा जपानच्या क्यूशू विद्यापीठातून २००४ मध्ये आला. सुदो व सहकाऱ्यांनी पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांना कोंडून ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके सामान्य उंदरांपेक्षा कितीतरी अधिक उसळली. त्यांच्या आतड्यात एक विशिष्ट बिफिडोबॅक्टेरियम सोडल्यावर ही उसळी आवरली. सर्वसामान्य उंदरांच्या विष्ठेतील जंतू दिल्यानेही अंशतः सुधारणा झाली, पण ती बालपणीच. प्रौढ उंदरांत नाही. ताण सोसण्याची मर्यादा लहानपणीच्या जंतूंनी काही अंशी ठरविली जाते, असा याचा अर्थ होतो. शरीरातील सेरोटोनिनचा फार मोठा हिस्सा आतड्यात तयार होतो, आणि त्याच्या निर्मितीस तेथील जंतू चालना देतात, हे २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. या घडामोडींनंतर २०१६ च्या 'रोम चार' निकषांत अशा विकारांची व्याख्याच बदलली गेली. ते आता आतडे व मेंदू यांच्या परस्परव्यवहाराचे विकार मानले जातात.

उंदरांवरून माणसाकडे उडी घेताना सावधगिरी हवीच. आयबीएसचा म्हणून एकच एक जंतू सापडलेला नाही, आणि रुग्णांच्या जंतुसमूहांत जे फरक आढळतात ते अभ्यासागणिक बदलतात. रिफाक्सिमिन या आतड्यातच राहणाऱ्या प्रतिजैविकाच्या २०११ मधील मोठ्या चाचण्यांत सुमारे ४१ टक्के रुग्णांना आराम पडला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. बाजारातील 'प्रोबायोटिक' बाटल्यांच्या जाहिराती या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

वॉकर्टन आणि पुणतांबे

भारतातील प्रमाणाविषयी इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृतिगटाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यात सर्वसाधारण लोकसमूहात सुमारे ४.२ टक्के व्यक्तींना हा विकार आढळला. तालुक्याच्या गावी ही संख्या शेकडोंच्या घरात जाते. त्यांतील बहुतेकांना आपल्या दुखण्याचे नावही सांगितले गेलेले नसते. 'ॲसिडिटी', 'गॅसेस', 'जुनी आव' अशा नावांनी ते गोळ्या घेत राहतात.

खेड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास कॅनडातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या शेतीप्रधान गावाचा आहे. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस पडला, शेतातील जनावरांचे शेण गावच्या विहिरीत उतरले, सुमारे २,३०० लोक आजारी पडले व सात दगावले. दोनतीन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा त्या साथीत वैद्यकीयदृष्ट्या निश्चित आजारी पडलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांना आयबीएस जडलेला होता. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. आठ वर्षांनीही फरक पुरता मिटला नव्हता. विहिरीचे पाणी शुद्ध झाले, आतडे मात्र ती साथ विसरले नाही.

पाऊस, शेण आणि विहीर ही सामग्री गोदाकाठी कोणास अपरिचित नाही. पहिला पूर आला की गढूळ पाण्याबरोबर हगवण येते, हे येथील प्रत्येक आजीला ठाऊक आहे. ज्या जूनमध्ये ही हगवण येते त्याच जूनमध्ये बियाणे व खते घ्यावयाची असतात, पीककर्जाचे नवे-जुने करावयाचे असते, मुलांच्या प्रवेशाचे पैसे भरावयाचे असतात, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीची टांगती तलवार असते. २०१७ चा संप जूनच्या पहिल्या तारखेस सुरू झाला तो खरिपाच्या याच तोंडावर. ही विवंचना आजची नाही. सुपे येथे १२ मे १८७५ रोजी पेटलेले दख्खनचे दंगे जेव्हा या जिल्ह्यात पसरले, तेव्हाही पेरणी तोंडावर होती आणि कुणबी सावकाराचे दस्तऐवज जाळीत होता. जंतूचा हंगाम व कर्जाचा हंगाम पंचांगात एकाच पानावर येतात. शेफील्डच्या अभ्यासात जी दोन कारणे एकत्र आल्याने दुखणे लांबल्याचे दिसले, ती येथे दर वर्षी एकत्र येतात.

अशा रुग्णाने दवाखान्याची पायरी चढली की त्यास एक तर जंतुनाशकाची पट्टी मिळते किंवा 'काळजी करू नका' हा उपदेश मिळतो. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रक्तक्षय, ताप अथवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असल्यास पुढील तपासण्या टाळता येत नाहीत, हे उघड आहे. यांपैकी काही नसेल तर रुग्णास विचारावयाचे प्रश्न दोन उरतात. हे दुखणे सुरू होण्यापूर्वी जोराची हगवण लागली होती काय? आणि त्या सुमारास घरात काय चालले होते? जुन्या वैद्याने हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारले असते. आधुनिक वैद्यकात पहिला प्रश्न जंतुशास्त्राच्या वाट्यास गेला व दुसरा मानसशास्त्राच्या. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग एवढी लांब असते की पुष्कळदा दोन्ही राहून जातात.